एक पान मागे

८ सप्टेंबर

सूनबाई,

सलाम. तो द्यायला मन तयार नव्हतं, पण पत्राची सुरुवात आणखी कशी करतात ते मला येत नाही.

तुझं पत्र मिळालं. त्याआधीची सहाही मिळाली होती. टपालवाल्याला दोष देऊ नकोस, तो बिचारा दर वेळी दुकानात येऊन हातात देऊन जातो.

तर तू लग्न करते आहेस. एका पाववाल्याशी. त्याची स्वतःची भट्टी आहे, हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत, तो कमी बोलतो आणि बसल्या जागी झोपतो, एवढं तू दोन पानांत लिहिलंस. तुमच्या चर्चच्या मंडळीत लग्नाची घोषणा दोन रविवार वाचून झाली. तिसऱ्या रविवारी कुणी हरकत घेतली नाही की तारीख ठरेल. आणि खाली लिहितेस, "आई, तुमचा आशीर्वाद आल्याशिवाय मी पुढे जाणार नाही." दोन रविवार होईपर्यंत माझी आठवण झाली नाही, असं लिहिणार होते. पण सहा पत्रांना उत्तर न देणाऱ्या बाईने ते लिहू नये, एवढं मला समजतं.

मी हरकत घेते आहे. तुमच्या पाळकांना आजच वेगळं पत्र टाकलं आहे. तुला मागाहून दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून इथे सांगते.

रागाने लिहीत नाही. माझा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली, तू इथून जाऊन दोन. राग इतका टिकत नाही. तुझं पत्र आलं त्या दुपारी मी गुडघे टेकले आणि देवाला म्हटलं, तू दाखवशील तसं करीन. मग डोळे मिटून शास्त्र उघडलं. त्या परक्या देशातल्या विधवा सुनेची गोष्ट आली, जी सासूला सोडून जायला तयार होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं, तेच पान. तिसऱ्या दिवशी, तेच. सूनबाई, एवढं मोठं पुस्तक आणि तीनदा तेच पान. आणखी काय पाहिजे माणसाला?

मी काही म्हणत नाही. देव म्हणतो आहे.

दुकान व्यवस्थित चालू आहे. शाळांची वह्या-पुस्तकं बांधायला येतात. कापायचं मशीन मामाच बघतात. शिलाईला नवी मुलगी ठेवली आहे. तिची शिलाई

(पुढची ओळ खोडली आहे, वाचायचा प्रयत्न करू नकोस.)

तुझी सासू


१९ सप्टेंबर

सूनबाई,

तुझं उत्तर आलं. त्यात भांडण असेल असं मी धरून चालले होते. मी माझी वाक्यंसुद्धा तयार ठेवली होती, चांगली धारदार. ती वाया गेली.

तू लिहितेस की माझं पत्र मिळाल्यावर पाळकांनी तुला बोलावलं. "म्हातारीला एकटेपणा आला असेल, आपण घोषणा वाचून टाकू," असं ते म्हणाले, आणि तूच त्यांना थांबवलंस. "देवाने आईंना खरंच काही दाखवलं असेल तर मला त्याच्याविरुद्ध जायचं नाही," असं तू म्हणालीस. आणि मला विचारतेस, "आई, नेमकं कुठलं पान? पान उघडल्यावर नजर कुठल्या ओळीवर पडली? मी ते रोज वाचीन."

तुझ्या वयात मी असं विचारलं नसतं. सासूच्या पत्राने चूल पेटवली असती.

आणि तो? त्याला तू सांगितलंस तेव्हा तो म्हणाला, "थांबू या. पीठ फुगायलाही थांबावंच लागतं." माणूस बरा दिसतो. हे मी कबूल केलं असं धरू नकोस.

तू विचारलेली जागा सोबतच्या चिठ्ठीवर लिहिली आहे, अध्याय आणि ओळीसकट. वाच. मीही वाचते आहे.

आज जास्त लिहवत नाही. चष्म्याची काडी तुटली आहे.

सासू


२५ सप्टेंबर

सूनबाई,

चष्म्याची काडी तुटली नव्हती. मला लिहायचं नव्हतं. आता लिहिते, आणि सगळं लिहिते. कंटाळा आला तर थोडं थोडं वाच, पण शेवटपर्यंत वाच.

सोमवारी दुपारी तुझं पत्र पुढ्यात घेऊन टेबलाशी बसले होते. मामा मशीनचं पातं पुसत होते. मामांना तू ओळखतेस, ते पातं पुसताना कान आपल्याकडे ठेवतात.

"काय म्हणते पोरगी?"

"पान विचारते."

"मग सांगा की."

"सांगितलं."

"मग रडताय कशाला?"

"खळीचा वास डोळ्यांत जातो."

"पस्तीस वर्षांत कधी गेला नाही तो," मामा म्हणाले आणि पातं खाली ठेवलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. देवाने तीनदा तेच पान दाखवलं तेही. मामांनी मान हलवली नाही, हसलेही नाहीत. हात धुतले, पुसले, नखं पाहिली आणि म्हणाले, "आणा बघू पुस्तक."

ते पुस्तक त्यांनी पाठीवर उभं धरलं आणि दोन्ही हात एकदम सोडले. पुस्तक उघडलं. तेच पान. पुन्हा मिटलं, उभं केलं, सोडलं. तेच पान. मग माझ्याकडे पाठ करून, डोळे मिटून, डाव्या हाताने. तेच.

"बाई," ते म्हणाले, "हे मी उघडतोय. आणि मला कुणाचं लग्न मोडायचं नाही."

मी म्हटलं, "मामा, देवाची चेष्टा करू नका."

"देवाची नाही करत." त्यांनी दोन पानांच्या मधल्या घळीत नख फिरवलं. "या पानांच्या फर्म्याचा दोरा सैल झालाय. पाठीवरची खळ तडकलीय. किती दिवस बसला होतात या पानावर?"

काय सांगणार? त्याच्या मातीहून परत आल्यावर तीन-चार महिने रोज दुपारी मी तेच पान उघडून बसत होते. वाचत होते असंही नाही. त्यावर कोपर टेकून बसत होते. तू समोर शिवत असायचीस आणि मी मनात म्हणत असायचे, ही त्या सुनेसारखी राहील, ही जाणार नाही.

"शाळेचं पुस्तक असतं तर तुम्हीच गिऱ्हाइकाला बोलला असतात," मामा म्हणाले. "एकाच जागी दाबू नका, पुस्तकाला खोड लागते. आणि बाई, देवाला तुमच्याशी बोलायचं असलं तर तो बोलेल. त्याला सैल दोऱ्याची गरज नाही."

एवढं बोलून ते परत पातं पुसायला गेले. माणूस उपासनेत अर्धा वेळ खिडकीबाहेर बघतो, गीताची दुसरी ओळ पहिलीच्या आधी म्हणतो, आणि मला जे चाळीस वर्षांच्या वाचनाने शिकवलं नाही ते त्याने एका नखाने शिकवलं.

मी बाइंडर आहे, सूनबाई. दुसऱ्या कुणाला फसवलं असतं त्या पुस्तकाने तर समजू शकले असते. नवं बांधलेलं पुस्तक कसं उघडायचं ते तुला मीच शिकवलं. पाठ टेबलावर टेकवायची, पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, पुन्हा पुढून, पुन्हा मागून, असं करत मध्यावर यायचं, म्हणजे ते कुठल्याही एका जागेचं होत नाही. मी सांगायचे, पण कामाच्या घाईत स्वतः करत नव्हते. तू प्रत्येक पुस्तकाला करायचीस, अगदी पाढ्यांच्या पुस्तकालासुद्धा. तुझ्या नवऱ्याने एकदा चिडवलं होतं, "पाढे काय, मुलं कुठूनही विसरतात," आणि तू म्हणालीस, "विसरू देत, पण सगळीकडून विसरू देत." तेव्हा मी हसले नव्हते. आता हसते.

मामा गेल्यावर मी ते पान पुन्हा वाचलं. मग एक पान मागे गेले.

तुला माहीत आहे, मला शाळा नाही. तुझ्या सासऱ्यांनी खळीत बोट बुडवून टेबलावर अक्षरं काढून दाखवली आणि बाकीचं मी फर्म्यांना घड्या घालता घालता शिकले. सोळा पानांचा एक फर्मा हातात यायचा, पुढचा दुसऱ्या कुणाच्या ढिगात असायचा. कितीतरी गोष्टी मला मधूनच ठाऊक आहेत. लग्न कुणाशी झालं ते माहीत, पण भेट कुठे झाली ते माहीत नाही. ती सवय लागली असं म्हटलं तर मला बरं वाटेल. पण खरं ते तसं नाही. शास्त्राचे सगळे फर्मे माझ्या हातात होते. मागचं पान मी वाचलं नाही, कारण त्यावर काय आहे ते मला माहीत होतं.

मागच्या पानावर सासू बोलते. दोन्ही सुना तिच्याबरोबर वाटेला लागलेल्या असतात आणि ती थांबते. तिचाही नवरा गेलेला, मुलगे गेलेले. ती त्यांना म्हणते, परत जा. देव तुम्हाला नव्या नवऱ्याच्या घरी विसावा देवो. आणि त्यांचे मुके घेते. त्या रडतात तर पुन्हा सांगते, जा. सून राहिली ती त्यानंतर. सासूने आधी हात सोडला होता. मी सुनेचं बोलणं तुझ्या गळ्यात घातलं आणि सासूचं माझ्या गळ्यात घालून घेतलं नाही.

शास्त्रात माणसाच्या हृदयाला कपटी म्हटलं आहे. ते वाचताना मी कायम दुसऱ्या कुणाचा तरी विचार केला. कधी भावकीतल्या बायकांचा, कधी कागदवाल्याचा. माझं हृदय साधं, असं मला वाटायचं, कारण ते दुखत होतं. दुखणारं हृदय खोटं बोलत नाही असा माझा समज होता. सूनबाई, ते जास्त सफाईने बोलतं. ते गुडघे टेकतं, डोळे मिटतं, आणि मुठीत उत्तर धरून देवाला प्रश्न विचारतं.

आता दुसरी गोष्ट. ही लिहिताना मी दोनदा उठले, पाणी प्यायले, आणि परत आले.

तू जायला निघालीस त्या सकाळी मी तुला दारात म्हटलं होतं, "माझा मुलगा गेला तेव्हा तू त्याच्या उशाशी नव्हतीस." पिशवी उचललीस आणि गेलीस. मामा तिथेच होते, त्यांना वाटलं असेल की तू कुठेतरी बाहेर होतीस.

सतरा दिवस तू त्याच्याजवळून हलली नव्हतीस. त्याच्या अंगाखालची चादर त्याला न उठवता बदलायची तुझी पद्धत त्या इस्पितळातल्या नर्सने तुझ्याकडून बघून घेतली. त्याला घास गिळवेना तेव्हा तू चमच्याने पाणी देत मोजत बसायचीस, तो हसायचा आणि पाणी सांडायचं. त्या शेवटच्या दुपारी तू औषध आणायला गेलीस ते मी पाठवलं म्हणून. तू म्हणालीस, "आई, तुम्ही जा ना, मला इथेच थांबू दे." मी म्हटलं, "माझे पाय दुखतात." पाय दुखत नव्हते. मला त्याच्याजवळ एकटीला बसायचं होतं. थोडाच वेळ, म्हटलं. तो तेवढ्या वेळात गेला.

तू परत आलीस तेव्हा बाटली हातात होती. तू बाटली खाली ठेवलीस, आधी मला धरलंस, आणि मग त्याच्याकडे गेलीस. हा क्रम मी विसरलेले नाही. आणि हे ठाऊक असून एक वर्षाने मी तुला दारात ते बोलले. तू उलट बोलली असतीस तर मला खाली बघावं लागलं असतं. तू मला तेवढंही करायला लावलं नाहीस. दोन वर्षं मामांना, मंडळीला, कुणालाही सांगितलं नाहीस. काल मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "तिने सहा पत्रं पाठवली ना तुम्हाला?" आणि बाहेर गेले.

तुझ्यासारख्या माणसाची मला सोबत मिळाली. देवाने मला मार्ग दाखवला नाही असं मी कशी म्हणू? त्याने बोलायला माणसं पाठवली. एक मशीनवर उभं होतं आणि एक दूर गावी बसून विचारत होतं, "आई, नेमकं कुठलं पान?" तो प्रश्न तू भांडायला विचारला नव्हतास. तू खरंच ऐकायला तयार होतीस, लग्न मोडायलाही तयार होतीस. मी ऐकायचं नाटक करत होते, तू ऐकत होतीस. तुझा विश्वास बघूनच मला मागचं पान न उघडल्याची लाज वाटली आणि ते उघडायचा धीर आला, दोन्ही एकदम.

पाळकांना पत्र लिहिलं आहे. त्यात दोनच वाक्यं आहेत. "माझी हरकत देवाची नव्हती, माझी होती. ती मी मागे घेते." मामांनी वाचून पाहिलं, म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे." त्यांना लिहिता येत नाही.

दुकान व्यवस्थित चालू नाही. शिलाईला नवी मुलगी नाही. मी एकटी शिवते आणि संध्याकाळी बोटं मिटत नाहीत. हे तू परत यावंस म्हणून लिहीत नाही. खोटं लिहिलं होतं ते पुसायचं म्हणून लिहिते.

आई


१२ ऑक्टोबर

सूनबाई,

काल उपासनेनंतर तो तुला भेटला असेल आणि म्हणाला असेल की शेवटच्या बाकावर कुणी म्हातारी बसली होती. ती मी.

तुला न कळवता आले, याचं कारण सांगते. पत्रात हरकत मागे घेणं सोपं असतं. पाळक जेव्हा सगळ्यांसमोर विचारतात आणि थांबतात, त्या वेळी मी गप्प बसू शकते का, ते माझं मला बघायचं होतं. तू मला पाहिलं असतंस तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली असतीस. परीक्षा माझी होती, तुला कशाला बसवायचं तिच्यात?

पहाटेची बस घेतली, सहा तास लागले. उपासना सुरू झाली होती. दारापाशी उशिरा येणाऱ्यांचं बाक असतं, त्यावर बसले. तू वर सज्जात गाणाऱ्यांमध्ये होतीस, दिसली नाहीस. पण तिसऱ्या गीतात तुझा आवाज वेगळा ऐकू आला. पूर्वी तू दुकानात गायचीस ती आमच्यासाठी, हळू. आता पूर्ण आवाजात गातेस. हा आवाज इतकी वर्षं कुठे ठेवला होतास? मी विचारत होते खरी, पण उत्तर मला माहीत होतं.

प्रवचन चालू झाल्यावर एक उंच माणूस आत आला आणि माझ्या शेजारी बसला. कानाच्या मागे पीठ. बाही वर गेली तेव्हा कोपरापर्यंत डाग दिसले. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, हात जोडले, डोळे मिटले. मी म्हटलं, किती भाविक आहे. दोन मिनिटांत घोरायला लागला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्या मुलासारखा कुठेच दिसत नाही. हे मी आधी चाचपून पाहिलं, नाक, कपाळ, बोटं. नाही म्हणजे नाही. आणि मग मला कळलं की मला त्याचं वाईट वाटत नाहीये. तो त्याच्यासारखा आहे. पहाटे तीनला उठून गावाला पाव देतो, आणि मग धुतलेला सदरा घालून इथे येऊन झोपतो, कारण तू वर गात असतेस.

पाळकांनी कागद घेतला. "तिसरी आणि शेवटची घोषणा," म्हणाले आणि तुझं नाव घेतलं. हा झोपलेलाच. त्यांनी त्याचं नाव घेतलं. झोपलेलाच! मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं. चुकले असते तर भलत्याच माणसाची झोपमोड झाली असती.

"उठा," म्हटलं, "तुमचंच चाललंय."

तो दचकून ताठ बसला. पाळक विचारत होते, "कुणाची हरकत?" सगळे शांत. याचा चेहरा पांढरा पडला. माझ्याकडे वाकून कुजबुजला, "आजी, कुणी घेतली का हरकत?"

"नाही," मी म्हटलं. "कुणी घेत नाहीये."

"नक्की?"

"माझ्यापेक्षा नक्की कुणाला माहीत असणार?"

त्याला ते कळलं नाही. पाळकांनी कागदाची घडी घातली. याने असा श्वास सोडला की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. मग मला म्हणाला, "मी घोरत होतो का?"

"पाळकांपेक्षा हळू."

तो हसला, तोंडावर हात धरून. मीही हसले. मग मला बस गाठायची होती म्हणून उठले. तो दारापर्यंत आला, पिशवीतून कागदात गुंडाळलेला पाव काढून हातात दिला. "वाटेत खा आजी, सकाळचाच आहे." मी कोण हे त्याने विचारलं नाही. नुसताच पाव दिला. बसमध्ये अर्धा खाल्ला, अर्धा मामांना आणला. मामांनी दाबून पाहिला, वास घेतला, म्हणाले, "याच्या हाताला काम येतं." मामांनी आजवर असं दोनच माणसांबद्दल म्हटलं आहे, एक तुझे सासरे आणि एक तू.

देव माझ्या लेकरांना नव्या घरी विसावा देवो. हे त्या सासूचं बोलणं आहे, पण काल बसमध्ये मी ते स्वतःच्या तोंडाने म्हटलं, आणि म्हणताना अडखळले नाही. मुलगा आठवला. आठवतोच. तो आठवत असतानाच म्हटलं.

तारीख कळव. मी येईन, आणि या वेळी पुढच्या बाकावर बसेन.

आणि त्याची बरगडी दुखत असेल तर सांग त्याला, सासूचं कोपर आहे, सवय करून घे.

आई